भिजत घातलेली होडी

मोखाड्याच्या पंचायत समितीत कारकुनी करणाऱ्याला रजेच्या अर्जात कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, 'होडी आणणे'. साहेबांनी अर्ज परत पाठवला. खाली लाल शाईत शेरा: 'कोठे?' साहेबांचं काही चुकलं नाही. आमच्याकडे डोंगर आहेत, घाट आहेत आणि वैशाखात हंडाभर पाण्यासाठी मैलभर चालणाऱ्या बाया आहेत. होडी ठेवायची कुठे? दुसऱ्या अर्जात मी 'घरगुती कारण' लिहिलं आणि दहा दिवसांची रजा मिळाली.

कारण घरगुती होतंच. माझी थोरली बहीण जव्हारजवळच्या वांगणीला दिलेली. तिचा नवरा सोमा, म्हणजे माझे दाजी, वीस वर्षं दर्यावर जात होते. भात, नागली घरात आली की वांगणीची माणसं कामाला खाली उतरतात. कोणी वीटभट्टीवर जातं, कोणी ठाण्याला बांधकामावर. दाजी पालघरच्या पश्चिमेला एका कोळीवाड्यात खलाशी म्हणून गेले आणि पुढे तांडेल झाले. तांडेल म्हणजे होडी चालवणारा, जाळं कुठे टाकायचं ते ठरवणारा. होडी मात्र नाखव्याची, म्हणजे मालकाची. वांगणीच्या माणसांनी दुसऱ्यांच्या होड्यांवर आयुष्यं काढली होती. आता पाच घरांनी मिळून स्वतःची एक मोठी होडी घ्यायचं ठरवलं होतं, चार-चार, पाच-पाच दिवस बाहेर राहणारी.

मला नेलं कागद वाचायला. आणि होडी निवडायला नेलं रावजीमामांना.

मामा हे दाजींचे सख्खे मामा. सत्तरी ओलांडलेले, काटक, कमरेला कोयता. वांगणीतल्या बहुतेक घरांचे मधले खांब त्यांनी जंगलात उभे असताना निवडलेले. गावाची रीतच अशी, की सामाईक वस्तू घ्यायची तर वडीलधाऱ्यानं निवडायची. बाकीच्यांनी आधी हवं तेवढं बोलून घ्यावं. निवडल्यानंतर तोंड उघडायचं नाही. बैलाच्या बाबतीत मला हे पटतं. पण मामांनी समुद्र पाहिलेलाच नव्हता!

जव्हारच्या स्टँडवर चहा घेताना मी हे दाजींना हळूच म्हटलं. ते म्हणाले, "मामा लाकूड बघल. दर्या मी बघीन."

"आणि त्यांची निवड तुम्हाला पसंत नाही पडली तर?"

"चहा घ्या, भाऊसाहेब."

आम्हा कारकुनांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. दाजी म्हणतात तेव्हा मात्र त्यात थोडी चेष्टा असते.

उंबरगावच्या बाजूला

जव्हारहून एसटी, डहाणूहून गाडी आणि मग एका टेम्पोच्या हौद्यात सुकटीच्या पोत्यांवर बसून आम्ही उंबरगावजवळच्या एका खाडीवर पोचलो. आम्ही म्हणजे दाजी, मामा, मी आणि भागीदारांपैकी काशिनाथ व त्याचा भाऊ. पौर्णिमा सात दिवसांवर होती. एवढं लवकर कशाला निघायचं, असं मी घरीच विचारलं होतं. त्यावर दाजींनी पौर्णिमेचं गणित समजावलं होतं.

ज्या होड्या आम्ही बघणार होतो त्यांतल्या परवडणाऱ्या होड्यांना इंजिन नव्हतं. म्हणजे ओढत न्यायची. दाजींचा जुना नाखवा मदतीला तयार होता. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तो आपली होडी घेऊन येणार आणि आमची होडी दोरानं बांधून त्याच्या खाडीत नेणार. त्याच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध आहे. एवढी मोठी होडी त्यावरून फक्त पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात आत शिरते, तेही भर भरतीला. ही पौर्णिमा हुकली तर पंधरा दिवस थांबायचं. तोवर दक्षिणेचा वारा सुटणार, नाखव्याची स्वतःची होडी पावसाळ्यासाठी किनाऱ्यावर चढणार, आणि आमची बाहेर उघड्या दर्यात राहून फुटणार.

"पुनवेला दुपारी आत घुसली तर आपली," दाजी म्हणाले होते. "नाय घुसली तर दर्याची."

मामांना या गणितात रस नव्हता. खाडीवर पोचल्यावर ते काठावर उकिडवे बसले आणि ओहोटी बघत राहिले. तासाभरानं मला म्हणाले, "हे पानी कुठ चाललं?"

"समुद्रात."

"आनी परत येल?"

"संध्याकाळी."

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं ते सरकारी योजना सांगणाऱ्या माणसाकडे बघतात. आमच्या दाभोशाच्या लेंडी नदीचं पाणी एकदा गेलं की गेलं. मामा संध्याकाळपर्यंत तिथून हलले नाहीत. पाणी परत आलं तेव्हा हसले, आणि जेवताना म्हणाले, "इकडच्या लोकांचं बरं हाय. गेलेलं परत येतं."

जेवण म्हणजे तांदळाची भाकरी आणि ताज्या बोंबलांचं कालवण. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. मामांनी बोंबील उचलून उजेडात धरला, "ह्याला हाडच नाय, उभा कसा राहतो?" असं विचारलं आणि पिशवीतली नागलीची भाकरी काढून मिरचीशी खाल्ली. दोन दिवस त्यांचा हाच बेत. तिसऱ्या दिवशी भाकरी संपली आणि त्यांनी बोंबलाशी तह केला.

निवड

दुसऱ्या दिवशी तीन होड्या पाहिल्या. पहिली हिरव्या-पिवळ्या रंगात नटलेली, अजून पाण्यात असलेली. मी तर तिच्यावरच भाळलो. दुसरीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, थोडं कलतं होतं. तिसरी काठावर उंच जागी दोन वर्षं उभी. रंग उडालेला, राखाडी, बाजूला एरंड उगवलेला. तिचा मालक वारला होता आणि मुलगा वापीला कारखान्यात लागला होता. मालकाची बायको, पिकल्या केसांची एक बाय, आम्हाला दाखवायला आली.

मामांनी कोयता उलटा धरला आणि त्याच्या पाठीनं फळ्या ठोकल्या. पहिली होडी 'ढब' वाजली. मामांनी मान हलवली. दुसरीला त्यांनी नखानं खरवडलं, नख चाटलं आणि थुंकले. तिसरी 'टण' वाजली. मामा एकदम थांबले. मग त्या पंचेचाळीस फूट होडीभोवती त्यांनी पूर्ण फेरी मारली, दर हातभर अंतरावर ठोकत. सगळीकडे टण. तिच्या सावलीत बसून विडी ओढली. कोणी बोलायचं नाही अशी ती विडी होती.

"साग हाय," विडी संपल्यावर ते म्हणाले. "खाली ऐनाचं लाकूड हाय. सुकून दगड झालाय. घराला असं लाकूड घावलं तर दोन पिढ्या झोप लागल. हीच."

मी दाजींकडे पाहिलं. वीस वर्षं दर्यावर काढलेला माणूस. त्यांनी होडीच्या पोटाखालून एकदा नजर फिरवली, दोन फळ्यांच्या मधल्या फटीत बोटाचं नख घातलं, काढलं आणि म्हणाले, "मामा म्हनतो ती."

कागद मी वाचले. ते नीट होते. बायनं होडीच्या नाळेला कुंकू लावलं आणि मामांना विचारलं, "तोरून लाकूर नाय ना विकनार?"

"लाकूड तोडायला वांगणीहून इथवर कोन येल, बाय?" मामा म्हणाले. बाय खळखळून हसली आणि मग पदरानं डोळे पुसत घरी गेली.

चाळण

ओहोटीला तिथल्या चाळीसेक कोळ्यांनी आणि आम्ही मिळून लाकडी ओंडक्यांवरून होडी चिखलात उतरवली. जोर करताना ते एका सुरात ओरडतात आणि आम्ही आमच्या सुरात ओरडायचो, त्यामुळे पहिला अर्धा तास होडी जागची हलली नाही. चिखलानं माझी डावी चप्पल घेतली ती आजतागायत दिली नाही. संध्याकाळी भरती आली. होडीखाली पाणी शिरलं, वर चढलं, आणि आम्ही ती तरंगायची वाट बघत उभे राहिलो.

ती तरंगलीच नाही. पाणी बाहेर चढलं तितकंच आतही चढलं. प्रत्येक फटीतून बारीक धारा. पाट्यावरच्या चटणीसारखी ती होडी चिखलाला चिकटून बसली. काठावरचे कोळी हसले. त्यांतला एक मला म्हणाला, "काका, सुकेली होरी घेतली? लाकूर सुकलं, सांधं उघरलं. घराला सुकं बरं. होरीला नाय."

हे त्या काठावरच्या शेंबड्या पोरालाही माहीत असणार. माहीत नव्हतं ते आम्हाला. घराचा खांब जितका कोरडा तितका चांगला, हे शहाणपण आम्ही घाट उतरून समुद्रापर्यंत आणलं होतं! मला दाजींचा राग आला. यांना तर माहीत असायला हवं होतं! पण मामांचा चेहरा पाहिला आणि तो बाजूला ठेवला. म्हाताऱ्यानं कोयता कमरेचा काढून चिखलात रोवला होता आणि पाच घरांची होडी बुडताना बघत होता. माणूस एका संध्याकाळीत इतका लहान होऊ शकतो हे मी पहिल्यांदा पाहिलं.

काशिनाथचा भाऊ काहीतरी बोलायला गेला. दाजींनी नुसता हात वर केला. निवडल्यानंतर तोंड उघडायचं नाही.

सकाळी मामा माझ्या आधी उठून होडीपाशी होते. ओहोटीनं सगळं पाणी फटींतून निथळून गेलं होतं. ते दाजींना म्हणाले, "सोमा, उन्हाळ्यात गाडीचं चाक खिळखिळं होतं. मग आपन काय करतो?"

"ओढ्यात टाकतो."

"मग?"

"मग फुगतं. घट्ट होतं."

"तर मग होडी काढू नको. राहू दे बुडालेली."

दाजी म्हणाले, "बरं." फक्त एवढंच.

पुढचे तीन दिवस आम्ही जगातलं सर्वांत सोपं काम केलं. होडी भिजत घातली आणि बसलो. दाजी आणि काशिनाथ मोठ्या फटींत कापूस आणि राळ ठोकत होते. भरती आत शिरायची, ओहोटीला बाहेर पडायची. मामांनी आतल्या बाजूला कोयत्यानं एक खूण केली आणि दर ओहोटीला पाणी कुठवर राहिलं ते बघू लागले. पहिल्या दिवशी थेंब राहिला नाही. दुसऱ्या दिवशी घोटाभर राहिलं. समुद्राच्या काठी बसून होडीतलं पाणी वाढल्यावर आनंदानं टाळ्या पिटणारी माणसं त्या कोळीवाड्यानं आधी पाहिली नसणार. बायका बघायला येत. मामांनी आता पाणी कधी येणार, कधी जाणार हे त्यांनाच सांगायला सुरुवात केली.

चौथ्या दिवशी ओहोटी पूर्ण लागली, बाहेर चिखल उघडा पडला, आणि होडीच्या आत कमरेएवढं पाणी तसंच उभं राहिलं. एक धार बाहेर येत नव्हती. मामांनी आत हात बुडवून ते पाणी डोळ्यांना लावलं. मग पिशवीतून मूठभर नागली काढून होडीवरून खाडीत टाकली. पलीकडून ती बाय नारळ घेऊन आली. डोंगराची रीत आणि दर्याची, दोन्ही झाल्या.

दोरावर

चतुर्दशीच्या दुपारी नाखवा आला. पोट सुटलेला, डोक्याला लाल टोपी, सारखा खोकणारा आणि सारखा हसणारा माणूस. आमची होडी बघून त्याचं हसणं थांबलं.

"कोनी निवरली ही?"

"आमी," दाजी म्हणाले.

नाखव्यानं एकदा मामांकडे पाहिलं, एकदा दाजींकडे, आणि खोकला.

भरतीला होडी खाडीबाहेर काढून ठेवली आणि पौर्णिमेला तांबडं फुटताना निघालो. नाखव्याची होडी पुढे, मग लांबच लांब दोर, मग आम्ही. दोर इतका लांब का, असं मी विचारलं. दाजी सुकाणूवरून म्हणाले, "बैल थांबला तर गाडी अंगावर नको जायला."

मामांना एसटीनं जायला सांगितलं होतं. ते म्हणाले, "मी निवडली, मी बसनार." ते मध्यभागी बसून, दोन्ही हातांनी फळी धरून, डोळे मिटून होते. मीही काही शूर नव्हतो. दोन तास पोटातलं सगळं समुद्राला दिलं. मग अंगात हलकेपणा आला आणि मी मान वर करून पाहिलं. डाव्या हाताला किनारा, त्यामागे नारळी, आणि त्याच्याही मागे पुसट निळी रेघ. ते आमचे डोंगर. घरात असताना डोंगर कधी दिसत नाहीत, अंगावरच असतात. मामांना हलवून दाखवले. त्यांनी डोळे उघडले ते मग मिटलेच नाहीत. ती निळी रेघ धरूनच त्यांनी पुढचा प्रवास केला.

डहाणू मागे पडलं आणि वारा उठला. दोर ताणायचा, सैल पडायचा, परत झटका द्यायचा. एका झटक्याबरोबर पुढच्या बाजूला 'कर्र' असं झालं आणि नाळेजवळचा एक सांधा उघडला. कापूस बाहेर आला आणि मागून पाणी.

दाजींनी सुकाणू काशिनाथच्या हातात दिलं, अंगातला सदरा काढून फटीत कोंबला, वरून गुडघा दाबला. "उपसा!" एवढंच ओरडले. मी, मामा आणि काशिनाथचा भाऊ बादल्या घेऊन लागलो. पुढच्या होडीचा वेग कमी झाला. नाखवा मागच्या काठावर येऊन हातांनी खुणा करत ओरडला, "म्हाताऱ्याला नि काकांना माझे होरीवर दे! पानी भरलं तर दोर तोरीन!"

दाजींनी मामांकडे पाहिलं. मामांनी बादली रिकामी केली आणि परत भरली. मला विचारलंच नाही कोणी. विचारलं असतं तर मी गेलो असतो, हे इथे कबूल करतो.

"नाय!" दाजी ओरडले. "चालव! हळू नको, भरती जाल!"

पाणी आत असेल तर होडी जड, जड होडी खाली बसणार, आणि खाली बसलेली होडी बांधावर अडकणार. हे आता मलाही कळत होतं. म्हणून आम्ही उपसत राहिलो. पहिल्या तासात हाताला फोड आले, दुसऱ्यात फुटले. कारकुनाच्या हाताला बादलीची कडी म्हणजे काय ते लिहून कळायचं नाही. मामा दमले की थांबत नसत, फक्त बादली अर्धी भरत.

खाडीच्या तोंडाशी

खाडीचं तोंड दिसलं तेव्हा ऊन डोक्यावरून कललं होतं. बांधावर पाण्याचा रंग वेगळा, मातकट, आणि त्यावर लाटा फुटत होत्या. भरती पूर्ण झाली होती. आता मिनिटामिनिटाला पाणी उतरणार.

नाखव्याची होडी बांधावरून गेली. दोर ताणला. आम्ही शिरलो, आणि पायाखाली घस्स झालं. होडी थांबली. पुढून इंजिन गुरगुरत होतं, दोर वीणेच्या तारेसारखा थरथरत होता, आणि आमच्या होडीचा मागचा भाग वाळूत बसला होता. एक लाट आली, आम्हाला उचललं, परत आपटलं. दुसरी लाट आली, परत आपटलं. प्रत्येक आपटण्याला माझे दात वाजत होते आणि मी मनात म्हणत होतो, आता फळ्या सुटणार, आता सुटणार.

"सगळे नाळेवर!" दाजी ओरडले. "पुढं! पळा!"

आम्ही बादल्या टाकून पुढे धावलो. काशिनाथनं मामांना जवळजवळ उचलूनच आणलं. पाच माणसं त्या टोकावर एकमेकांच्या अंगावर. पुढचा भाग दबला, मागचा जरासा उचलला गेला, आणि तेवढ्यात तिसरी लाट आली. खालून वाळू घासल्याचा लांब आवाज आला. मग तो आवाज बंद झाला.

खाडीतलं पाणी तळ्यासारखं शांत होतं. नाखवा लांबून हात हलवत होता. मामा तसेच नाळेवर पालथे पडून होते. मी घाबरून त्यांना उलटं केलं तर ते रडत होते, लहान मुलासारखे, आवाज न लपवता. मलाही आवरलं नाही.

होडी बांधून, ओहोटीत चिखल उघडा पडल्यावर नाखवा तिच्या पोटाखाली जाऊन आला. एवढी आपटूनही उघडला होता तो एकच सांधा. त्यानं मामांच्या खांद्यावर हात ठेवला आणि खोकत म्हणाला, "आजोबा, लाकूर चांगलं हाय."

"ते मी बोललोच होतो," मामा म्हणाले.

परतीची जीप

दुसऱ्या दिवशी जव्हारहून वांगणीकडच्या जीपमध्ये आम्ही बारा जण होतो, आणि टपावर कोंबड्या. मामा दोन पोत्यांच्या मध्ये बसून झोपले होते. त्यांच्या पलीकडे दाजी. माझ्या मनातलं मला आता ठेववेना.

"दाजी, खरं सांगा. होडी सुकलेली आहे, गळणार आहे, हे तुम्हाला त्या दिवशी कळलं नव्हतं?"

दाजींनी मामांकडे बघून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, "फटीत नख घातलं तवाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"भिजली की धरते. मामा सुकंच लाकूड निवडल हे ठाऊक होतं, म्हनून तर चार दिवस आधी काढलं तुमाला. वाटेत सांधा उघडला तवा मात्र माझं पानी झालं, खोटं नाय सांगत."

"पण दाजी, दोन शब्द बोलला असतात तर..."

"तर ती सोमाची होडी झाली असती," दाजी म्हणाले. "जाळी फाटली, सोमाची फाटली. होडी फुटली, सोमाची फुटली. चार घरं बाजूला झाली असती, भाऊसाहेब. आता मामानं निवडली, मामानं भिजवली, मामानं उपसली. आता ती वांगणीची हाय."

जीप वळणावर कलली. मामांचं डोकं दाजींच्या खांद्यावर आलं. दाजींनी ते हलवलं नाही. मला त्या माणसाचा राग यायला हवा होता. चार दिवस आम्हाला त्यांनी खुशाल चिखलात बसवलं होतं. पण राग काही येईना. मी माझे दोन्ही तळहात त्यांच्यासमोर धरले. सालं निघालेली, आत लाल मांस.

"आणि हे फोड? हे कोणाचे?"

दाजींनी माझे हात उलटसुलट करून पाहिले, होडीची फळी बघावी तसे.

"ते बी वांगणीचेच," ते म्हणाले.